शिवेपल्याड ढकललेला गाडा

आमी कळंबाकडचे, मांगवाड्यातले. थोरलं पोर मरीआईला सोडायचं आसा आज्याचा नवस, म्हून माज्या डोस्क्याला वस्तरा कधी लागला न्हाय, जटा वाढल्या, हातात कोरडा आला आन् म्या पोतराज झालो. त्या कोरड्यानं सोताच्या पाठीवर फटके मारून घ्यायचे आन् दारोदार मागायचं. पाठ दावू का? बरं, ऱ्हाऊ द्या.

निजामी जाऊन चार-पाच वर्सं झाली आसतील, गावात पटकी आली. काय सांगू तुमाला, सकाळी बोलत बसलेला मानूस दिवस मावळायला न्हाय. मग आमच्यात रीत आशी, मरीआईचा लाकडी गाडा सजवायचा, निवद दावायचा आन् वाजतगाजत शिवेपल्याड ढकलून द्यायचा, रोगराई घिऊन आई फुडल्या गावाला जाती. त्या गावानं त्येच्या फुडं ढकलायचा. ह्यात वंगाळ हाय आसं कुणालाच वाटत नव्हतं, मलाबी न्हाय.

पर त्या साली उगवतीच्या गावानं काठ्या घिऊन शीव आडवली. आमच्या गावचे पाटील म्हनले, मावळतीला ने, तिथं तुजी बहीन दिलीया, तुला कोन आडवतंय. आन् खरंच कुनी आडवलं न्हाय. गोदाचा भाऊ आलाय म्हनले, वाट दिली. गोदा तांब्या घिऊन पळत आली, चाकावर पानी वतलं, हळद-कुकू लावलं, दोनी लेकरांची डोस्की गाड्याला टेकवली. गाड्यासंगं काय आलंय ते मला ठावं व्हतं, आन् म्या बोललो न्हाय. आठ दिसांत दोनी लेकरं गेली.

तवापून माज्या कानात ते चाक करकरायचं, जेवताना, चालताना, हलगी वाजत आसली तरी. रगात निघस्तवर सोताला फोडून काढलं, तरी थांबंना.

तिच्या गावात एक उपदेशक बाबा व्हते, येशूचे. पटकीची मानसं त्येनीच धुतली-पुसली, गोदाच्या लेकरांना मातीबी त्येनीच दिली. दोन वर्सांनी त्येंच्या म्होरं जाऊन सगळं सांगितलं. इचारलं, काय देऊ? बोकड देऊ, का फटके घिऊ? बाबा म्हनले, काई नगं. तू दुसऱ्याच्या शिवेत ढकललंस, येशूनं समद्यांचं सोताच्या अंगावर घेतलं, फुडं ढकललं न्हाय. म्या म्हनलं, फुकट? म्हनले, फुकटच, इकत घ्यायला गेलास तर मिळायचं न्हाय. मला लई राग आला बघा. दिल्याबगर देवानं कधी काय दिलं व्हतं आमाला? सा म्हैने त्येंच्याकडं फिरकलो न्हाय. मग एका दुपारी कोरडा उगारला आन् हात खालीच येईना. तिथंच बसून रडलो. जटा कापल्या, बाप्तिस्मा घेतला.

चाक थांबलं का म्हनाल, तर न्हाय. पर आता ते वाजलं की म्या पाठ सोलत न्हाय, येशूचं नाव घेतो.

बाप्तिस्मा झाल्यावर गोदाकडं गेलो, म्हनलं, गोदे, देवानं मला माफ केलं. ती दानं पाखडत व्हती, मान वर न करता म्हनली, त्येनं केलं आसंल, मला कुनी इचारलं?

खरं हाय तिचं. आता दर ऐतवारी प्रार्थना झाली की तिच्या दाराम्होरं जाऊन बसतो. बस म्हनत न्हाय, ऊठबी म्हनत न्हाय. म्याबी काय मागत न्हाय. देव तिचं भलं करू, माजं त्येनं केलंच हाय.