उलटा पायजमा

मिनेसोटातल्या त्या उपनगरात संध्याकाळपासूनच बर्फ भुरभुरत होता. उद्या शाळा भरवायच्या की नाही, हे पहाटे सोरेन्सनबाईंना ठरवायचं होतं. गावच्या साऱ्या शाळा त्यांच्याच हाताखाली. त्या पाव घेऊन दुकानाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे दोन मुली कुजबुजत होत्या.

"आज पायजमा उलटा घालून झोप हं. आणि उशीखाली चमचा."

"कशाला?"

"अगं, तू नवीन ना! तसं केलं की रात्रभर बर्फ पडतो. सकाळी बघावं तर गाव नाहीच, नुसतं पांढरं! मग शाळेला सुट्टी."

"मी सुलटाच घालणार."

"वेडी आहेस का गं?"

"उद्या शाळेत टोमॅटोचं सूप आहे."

"सूप काय, घरी पण असतं."

"शाळेत परत मागितलं तरी देतात."

पहिलीने हातमोजा काढून परत घातला.

"तू घाल की उलटा."

"घालते. पण चमचा नाही ठेवत. थोडासाच पडू दे. शाळेची बस येईल एवढा."

झोपताना सोरेन्सनबाईंनी दिव्याखाली आपल्या पायजम्याची शिवण नीट पाहिली. सुलटाच होता.