सुशीलाबाईला हाक मारा

जमलेल्या माय-माउल्यांनो, भावांनो, आन् सुशीलाच्या घरच्यांनो.

माईक जरा खाली करा. सुशीला असती तर म्हणली असती, कौसाबाईला माईक कशाला, तिचा आवाज नांदेडपस्तोर जातोय. आज जाईना. मी गावच्या शाळंत शिकलेली बाई, भाषण मला जमत न्हाई. पण केळीच्या शेडवर एकाच टाकीपाशी उभं ऱ्हाऊन आम्ही दोघींनी लई वरसं फण्या धुतल्या. तिच्याबद्दल दुसऱ्यांनी बोलावं आन् मी गप बसावं, ह्ये तिलाच पटलं नसतं.

ध्यानात हाय का, मागच्या उन्हाळ्यात ह्याच विहारासमोर दवाखान्यातली मॅडम आली होती? एक रबरी माणूस घेऊन. कमरंपस्तोरच होता बिचारा. माणूस पडला, श्वास बंद झाला, तर त्याची छाती कशी दाबायची ते शिकवायला. सीपीआर म्हणत्यात त्याला. गडी पुढं बसले, बाया मागं. मॅडमनं बायांला बोलिवलं तर एक दुसरीला ढकलायली. मंग मीच गेले. रबरी गड्याच्या छातीवर हात ठिवले आन् म्हणलं, माझा मालक गेल्यापासून हा पहिलाच गडी भेटला, जो उलटून बोलंना. तुम्ही समदे हसलात. सुशीला बी हसली.

पण तिची पाळी आली तवा ती हसली न्हाई. पदर खोवला, गुडघ्यावर बसली, हात ताठ केले. छातीच्या मधोमध. जोरात. भरभर. घाम निथळायला लागला तरी थांबंना. मॅडम म्हणली, अशी एक तरी बाई गावात पायजे.

तवा प्रल्हादभाऊंनी इचारलं. पाव्हण्यांला ठाव नसंल म्हणून सांगते, प्रल्हादभाऊ म्हंजे सुशीलाचे थोरले दीर. त्येंनी बी मन लावून शिकून घेतलं होतं. खाली मान घालून म्हणले, "मॅडम, बाई पडली तर?" मॅडम म्हणली, बाईचं काळीज काय येगळ्या जागी असतंय का. आपण समदे इकडंतिकडं बघाया लागलो. तवा सुशीला उठली आन् म्हणली, "बाई पडली तर मला हाक मारा. गड्यांचं तुम्ही गडी बघा."

झालं. समद्यांचा घोर मिटला. गड्यांची लाज ऱ्हायली, बायांची बी ऱ्हायली. किती बेस वाटलं आपल्याला. आता गाव तयार हाय, असं वाटलं. सुशीलाच पडली तर, ह्ये एकानं तरी इचारलं का? मी इचारलं का? न्हाई.

ती मातर खरंच तयार होती. रोज उशीवर हात चालवायची. घरातली एक उशी धड ठिवली न्हाई तिनं. मी चिडवायची, सुशे, बाया तुझ्या दारावरून जपून चालायल्यात गं, जरा ठेच लागली तर तू दाबायला बसशील म्हणून. ती म्हणायची, "तू थांब, तुला तर जित्तीलाच दाबते."

मंग तिच्या नातीचं बारसं आलं. अंगणात पाळणा बांधला होता. तिचा मालक वसंता पेढे आणायला अर्धापूरला गेलेला. मी मागल्या बाजूला पुऱ्या लाटत होते. सुशीला तांब्या घेऊन गड्यांच्या बाजूला पाणी द्यायला गेली आन् तिथंच पडली.

आता म्या काय पाहिलं ते सांगते. कुणाला बोल लावाया न्हाई. पळत आले तर मला पाठी दिसल्या. नुसत्या पाठीच पाठी. समदे गडी तोंड फिरवून उभे. दोघांनी चादर धरून आडोसा केलेला. काहून? तर बाई पडली, पदर सरकला, तिची अदब राखायची. चांगली माणसं हो ती. चांगली होती म्हणूनच पाठ केली. चादरीच्या आत दोन म्हाताऱ्या. एक कांदा हुंगवायली, एक तोंडात पाणी घालायली. आन् मागून कुणीतरी, ज्याला काय दिसत नव्हतं त्यानं, हाक मारली. "अरे, सुशीलाबाईला बोलवा कुणी. तिला येतंय."

ती हाक माझ्या कानातून जात न्हाई.

मी पाठी ढकलून आत घुसले. पिठाचेच हात तिच्या छातीवर ठिवले. तिनं शिकून घेतलं होतं, म्या हसत हसत पाहिलं होतं. तरी दाबलं. पण माझे हात लवकर गळाले. म्या प्रल्हादभाऊंला हाक मारली. चादरीखालून त्येंचे पाय दिसत होते मला. पाय हलले. थांबले. पुन्हा हलले. आन् ते आत आले. "सरका वयनी," म्हणले. दवाखान्याची गाडी येईपस्तोर मंग ते थांबले न्हाईत. घामानं सदरा भिजला, डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण हात थांबला न्हाई.

गावात कोण म्हणायलंय, दिरानं येळेवर हात लावला न्हाई. कोण म्हणायलंय, थोरल्या दिरानं हात लावलाच कसा. दोघांला बी सांगते, जबान सांभाळा. म्या डोळ्यानं पाहिलंय.

नांदेडला डॉक्टर म्हणले, उशीर झाला. आधी दाबलं असतं तर वाचलीच असती का? तसं बी त्येंनी सांगितलं न्हाई. कुणालाच सांगता यायचं न्हाई. पण जो येळ होता, तो आपण चादर धरण्यात घालिवला. ह्येच सलतंय.

म्हणून आज तिच्या फोटूसमोर बोलून ठिवते. मी, कौसाबाई, कुठं बी पडले तर जो जवळ आसंल त्यानं माझ्या छातीवर हात ठिवावा. दीर असो, पाव्हणा असो, रस्त्यानं जाणारा असो. माझी मर्जी हाय. बरगडी मोडली तर मोडू द्या. उठल्यावर जरा भांडंन, तेवढं सोसा. बायांनो, तुम्ही बी आज घरी गेल्यावर दिराला, सासऱ्याला, जावयाला तोंडानं सांगा. लाज वाटंल. वाटू द्या. पडल्यावर सांगता येत न्हाई.

सुशे, तुला इचारायचं ऱ्हाऊनच गेलं गं आमचं.

आता समद्यांनी उभं ऱ्हावं. प्रल्हादभाऊ, तुम्ही त्या खांबाआड हाव, मला दिसायलंय. एक हार वसंतानं तुमच्यासाठी ठिवलाय. या. लांबून फुलं वाहू नका, जवळ येऊन हार घाला.

त्येंचा हार घालून होईपस्तोर कुणी बोलू नका.