शामरावनं चित्र सांगितलं नाही

बासष्ट साल, फेब्रुवारी महिना, मतदानाचा दिवस. शेंदूरजनाघाटच्या शाळेत हजर होते ते असे: मी वच्छला, माहा भाऊ शामराव, टेबलामागं मतदानाचे साहेब, बाकावर उमेदवारांची दोन मानसं, अन् मागं अर्ध्या गावाची लाइन.

आमी इथलीच, बगीच्यातल्या मजुराची लेकरं. मी संत्रं निवडनाऱ्या बायांवर मुकादम. शामराव माह्याहून धाकटा, अंगानं गडी पन अकलेनं लेकरू, असं लोक म्हनत, मी नाही म्हनत, काहून का लहान, मधलं, मोठं संत्रं तो हातात घेताच ओळखे अन् बरोबर त्या पेटीत टाके. सावकाश टाके, पन चुकत नसे. माय जाताना म्हने, वच्छे, याले कोनी हाकलू नये एवढं पाह्य.

सत्तावनले त्याले मताले नेलं तं काय सांगू तुमाले, तवा हरेक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याच्या निशानीचं चित्र, म्हंजे त्याच्या रोजच्या कामासारखंच काम, पडद्याआड गेला अन् चिठ्ठी टाकून आला. तिथल्या मास्तरनं त्याले बजावलं होतं, शामराव, हे गुप्त असते, कोनाले सांगायचं नाही. गावात ज्यानं त्यानं आपलं मत पारावर सांगितलं, एकट्या शामरावनं नाही. मी रस्त्यात इचारलं, कोनाले दिलं रे. म्हने, गुप्त हाय बाई.

बासष्टले त्या पेट्या गेल्या. एकच कागद, सगळी चित्रं त्याच्यावर, आपल्या चित्रावर ठप्पा मारायचा. शामराव पडद्याआड गेला तो बाहीर येईच ना, मंग कागद तसाच घेऊन आला, म्हने, बाई, पेट्या कुठं गेल्या. लाइनीतून आमचा शेजारी किसन म्हने, अवो वच्छलाबाई, त्याले बगीच्यात न्या, तिथं लय पेट्या हायेत. लोक हासले. शामरावबी हासला. मी साहेबाले म्हनलं, मी आत जाते, निस्ता ठप्पा कसा धरायचा ते दाखवते. साहेब म्हने, तसं चालत नाही. मानूस वाईट नव्हता तो. म्हने, शामराव, तू चित्र सांग, मी ठप्पा मारून देतो. शामरावनं साहेबाकडं पाह्यलं, बाकावरच्या दोघांकडं पाह्यलं अन् म्हने, नाही सांगत, गुप्त हाय. मी म्हनलं, सांग रे बापा, एवढ्या बारी सांग. नाहीच म्हने. साहेबानं कागद परत घेतला.

आता पुन्हा निवडनूक आली. मतदारांची यादी लिव्हाले मानूस आला तवा मी कामावर होती. किसननं त्याच्या दारातूनच सांगून टाकलं, त्या येड्याले कायले लिव्हता. माहं नाव हाय, शामरावचं नाही. मोर्शीच्या तहसिलीत दोनदा गेली. कोर्टानं येडा ठरवल्याबिगर नाव गाळता येत नाही, असं तिथल्या एका वकिलानं सांगितलं, ते मी तहसिलीतल्या बाबूले सांगितलं, तं बाबू म्हने, मंग वकिलालेच आना, नाही तं भावाले समोर उभं करा. शामराव यष्टीत बसत नाही, इंजन सुरू झालं का उतरून पळते. बैलबंडीनं न्यावं तं दोन दिवस मोडतात, अन् संत्र्याची तोड सुरू हाय, मुकादमी कोन पाह्यीन. नाव घालायची मुदत याच महिन्याची. बाकीची कामं झाली, सरपन भरलं, घर शाकारलं, तेवढं शामरावले मोर्शीले न्यायचं राह्यलं हाय.