धडकनची तार

वाजिद : ...त्या निळ्या तारेले हात नको लावू, रोशन. हे दोन्ही सर्वर दर सेकंदाले तिच्यातून एकमेकाले सांगून राह्यले, मी हाये, मी हाये. आम्ही तिले धडकन म्हणतो.

रोशन : अन् एकाचं सांगनं बंद झालं त?

वाजिद : त दुसरा समजते का हा गेला. मंग त्याचं नाव घेते, त्याचा पत्ता घेते, दोघाईची जी एकच डिस्क हाये ती ताब्यात घेते अन् कामाले लागते. वजनकाट्यावर सिमेंटचे ट्रक मोजणाऱ्याले वाटते, जुनाच सर्वर चालून राह्यला. आत मशिनी दोन, बाहेरच्यासाठी एक. याले क्लस्टर म्हणते, अन् अशी जागा घेण्याले फेलओव्हर. लिहून घे, सोमवारी साहेब विचारतीन.

रोशन : सोमवारी माही कोर्टात तारीख हाये, भाऊ.

वाजिद : हो न, विसरलोच मी. लटारूले जाऊन सात वर्षं झाली?

रोशन : झाली. दादाची सायकल नाल्याच्या पुलावर सापडली, मानूस नाई सापडला. वकील म्हनते, सात वर्षांत भावाची काहीच खबर नाई असं शपथेवर सांग. दादा मेल्याचा कागद भेटला का मी दादाच्या जागेवर नोकरीत पक्का. अन् पंचाईनं ठरवलं, मंग सुकरीवयनीचा पाट, दुसरं लगन, माह्यासंगं लावाचा. आमच्यात लहान्या भावानं तसंच कराव लागते.

वाजिद : मंग बराबर तर हाये. तिचं घर सात वर्षं तूच चालवून राह्यला. तोंड काऊन पाडलं?

रोशन : निस्ती तारच तुटली असन त? पहिला मेलाच नाई, तार तुटली.

वाजिद : हां, हे कामाचं विचारलं. सगळ्यात खतरनाक तेच. दोघंही जिते, अन् दोघाईले वाटते का मीच मालक. दोघंही एकाच डिस्कवर लिहाले लागते, सगळा डेटा बरबाद. मागं एका कंपनीत झालं होतं. आठ दिवस मी घरी गेलो नाई. बायको सलीमा म्हणे, त्या मशिनीसंगंच निकाह लावून घ्या.

रोशन : मंग दुसरा करते काय?

वाजिद : खात्री नसली त आधी पहिल्याचा करंट तोडते. मेला का जिता, पाहत नाई बसत. त्याले बंद पाडते, मंगच त्याच्या जागेवर बसते.

रोशन : जिता असला तरी?

वाजिद : जिता असला तरी. मशीन हाये बाबा, तिले काय भाऊबंद हाये? पण तू हे काऊन विचारून राह्यला?

रोशन : पहाडावर आमचं मोहाचं झाड हाये. चैतात पहाटं फुलं वेचाले जातो. दादाची एक सवय होती. पहिली ओंजळ झाडाची. बुडाशी ढीग घालाचा, वर पळसाचं पान झाकाचं, पानावर गोटा ठेवाचा. तो गेल्यावर पहिल्या चैतात आमी गेलो, त ढीग घालून होता. पान, गोटा, सगळं. मंग दर साली, एक दिवस.

वाजिद : कोण ठेवते?

रोशन : गाव म्हनते, लटारूच येते, पन आता तो मानूस नाई. पुजाऱ्यानं कोंबडं कापलं, तरी ढीग काही थांबला नाई. वयनी बोलत नाई. त्या ढिगाले सोडून बाजूनं वेचते. फक्त त्या दिवशी एका मानसाचं जास्तीचं रांधते.

वाजिद : अन् यंदा?

रोशन : यंदा मी तिच्या आधी गेलो. ढीग होता. मी लाथेनं पांगवला, पान नाल्यात फेकलं. वयनी आली, तिनं विचारलं, होता का? मी म्हटलं, नाई. ती तिथंच बसली अन् रडली. सात वर्षांत कधी रडली नव्हती, वाजिदभाऊ. असे चार-पाच दिवस तिनं वाट पाहिली अन् मंग पंचाईले सांगून टाकलं, लावा पाट.

वाजिद : म्हणजे एकदाच पांगवला तू.

रोशन : एकदा नाई. तवापासून तो रोज राहते. रोज मी अंधारात जातो, रोज पांगवतो, मंग ड्यूटीवर येतो.

(सर्वरचे पंखे घुमत राहतात.)

वाजिद : तिले सांग, रोशन. सोमवारच्या आधी सांग.

रोशन : सांगलं त नोकरी जाईन. तीबी जाईन. मले ती आवडते, भाऊ, आता काय लपवू. सात वर्षं दादाचे कपडे घालतो, दादाच्या खुर्चीत बसतो. काट्यावरचे जुने ड्रायव्हर मले लटारू म्हनून हाक मारते, अन् मी ओ देतो.

वाजिद : मंग कोर्टात खोटी शपथ घेशीन?

रोशन : मले दोन दिवस सुट्टी द्या. मोहाच्या मागं लपून बसतो. कोन येते ते एक डाव डोळ्यानं पाहतो. मंग जे असन ते वयनीले सांगतो.

वाजिद : सुट्टी दिली. पण एकटा नको जाऊ, मी येतो संगं. भुताखेताचं मले काही समजत नाई, पण तुले भेव लागन.

रोशन : भुताचं भेव नाई लागत, भाऊ. भूत असलं त सगळं सुखानं होऊन जाईन. तो जिता असला त... मले त्याचं भेव हाये.