वाचून दाखव

(नोव्हाय, मिशिगन. १९८४चा उन्हाळा, सकाळ. स्वयंपाकघरातल्या फोनवर शंकरराव. दुसऱ्या टोकाला बँकॉकहून श्रीराम, तिथे संध्याकाळ. जवळच सून सुमेधा.)

शंकरराव : ...डेट्रॉइट पाच, क्लीव्हलँड तीन. बॉस्टनची मॅच पावसानं रद्द. घेतलंस?

श्रीराम : घेतलं. चल, ठेवतो.

शंकरराव : वाचून दाखव.

श्रीराम : बरोबरच असणार रे. तू कधी चुकलायस?

सुमेधा : बाबा, हॉस्पिटलमधून माझा कॉल यायचाय, शिफ्ट चेंज करतायत. लाइन फ्री ठेवा ना, प्लीज.

शंकरराव : दोनच मिनिटं, सुमेधा. श्रीराम, तिथल्या त्या पेपरच्या ऑफिसात इतकी वर्षं आपण समोरासमोर बसलो. वाचून न दाखवता तू एक आकडा कधी छापायला सोडला नाहीस. मी इथे आलो तरी मला सोडत नाहीस.

श्रीराम : घाई आहे. पान लावायचंय.

शंकरराव : मग ओरडत का नाहीस?

श्रीराम : म्हणजे?

शंकरराव : या वेळेला खाली मशीन सुरू होतं, तुझं टेबल थरथरतं आणि तू बोंबलतोस. सुमेधाला फ्रिजपाशी उभं राहून तुझ्या शिव्या ऐकू येतात. आज देवळात बोलावं तसा बोलतोयस.

सुमेधा : खरंच हं, आज काका अगदी शांत आहेत.

श्रीराम : मशीन दुरुस्तीला काढलंय.

शंकरराव : आणि अंक? किती दिवसांत पोस्टानं एकही आला नाही.

श्रीराम : पोस्टाचा घोळ. सांगितलं ना तुला.

शंकरराव : माझंच चुकत असेल. मला छापून आलेली ओळसुद्धा खरी वाटत नाही, तुला माहीत आहे. तू नुसतं नाही म्हण, मी गप्प बसतो.

श्रीराम : मोठ्या पोस्टातल्या फोन बूथमध्ये उभा आहे, शंकर. लिहून घ्यायला कागदसुद्धा नाही माझ्याजवळ.

शंकरराव : पेपर कधी बंद झाला?

श्रीराम : गेल्या महिन्यात. मालकांनी दुपारी सांगितलं. तोवर मशीन विकूनही टाकलं होतं. खरं तर आपला पेपर वाचणारे अमेरिकन सैनिक लढाई संपून गेले तेव्हाच संपलं होतं सगळं. मग तेल कंपन्यांचे लोक होते, हॉटेलं होती. आता हाँगकाँगला छापलेला मोठा पेपर त्याच दिवशी विमानानं येतो. हॉटेलांनी आपला बंद केला. बातम्यांची एजन्सी तर आधीच सोडली होती, म्हणून तुला स्कोअर मागायला लागलो.

शंकरराव : ते म्हातारे सार्जंट? तिथेच लग्न करून राहिलेले? ते तरी विचारतात का, स्कोअर काय झाला?

श्रीराम : त्यांनी शॉर्टवेव्ह रेडिओ घेतलेत.

शंकरराव : नातू म्हणतो, आजोबा, तुम्हाला बेसबॉल आवडत पण नाही, मग रोज का बघता? मी सांगतो, तिकडे लोक वाट बघतायत.

श्रीराम : म्हणून तर बोलवेना.

शंकरराव : माझी कीव केलीस.

श्रीराम : तुझी कसली कीव करतोय मी! संध्याकाळ झाली की कुठे जायचं हेच मला कळत नाही. म्हणून इथे येतो. तू आकडे सांगत असतोस तेवढा वेळ उद्याचा अंक निघणार असतो.

शंकरराव : उद्या नको करूस फोन.

श्रीराम : बरं.

शंकरराव : पण आजचं राहिलंय. वाचून दाखव.

श्रीराम : कागद नाही म्हटलं ना.

शंकरराव : तोंडानं सांग.

श्रीराम : डेट्रॉइट पाच. क्लीव्हलँड तीन. बॉस्टन, पावसानं रद्द.

शंकरराव : बरोबर.

सुमेधा : बाबा, झालं का? लाइन फ्री आहे?

शंकरराव : आहे. आता रोज सकाळी मोकळीच असेल.