अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती जानराव गुरुजी, त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई, आणि सभागृहात दाटीवाटीनं बसलेले आजी-माजी विद्यार्थी,

गुरुजींच्या तीस वर्षांच्या सेवेवर इतरांनी सुंदर भाषणं केली. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती चार वर्षं मनात आहे.

चौपन्न साली मी इथे गणिताची सहायक शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. मला कायम करायचं की नाही, ते गुरुजींच्या शिफारशीवर ठरायचं होतं. हेडमास्तरांची जागा रिकामी होणार होती आणि गुरुजींचं नाव सर्वांत वर होतं. अशात तपासनीस साहेब आले.

गुरुजींनी फळ्यावर ओळीनं सात एक्के लिहिले. म्हणाले, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, याशिवाय कशानंच भाग जात नाही."

"खात्री आहे?"

"मी स्वतः तपासली आहे, साहेब."

साहेब मागे वळले. "ललिताबाई, तुम्हीही गणिताच्या. बरोबर आहे ना हे?"

मंडळी, मी काय करायला हवं होतं? प्रशिक्षणाच्या वर्षी मी त्या संख्येला एकेका मूळ संख्येनं भागून पाहिलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं.

"नाही, साहेब. दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खडू उचलून भागाकार मांडला. पहिली बाकी एकशे पंचावन्न. दुसरी एकशे सतरा. इथे त्यांचा हात थांबला. जुन्या वहीत त्यांनी एकशे सत्तावीस लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. तिसरी दोनशे पंधरा. शेवटचा एक खाली उतरवला. दोन हजार एकशे एक्कावन्न. दोनशे एकोणचाळीस नवे तेवढेच.

बाकी शून्य.

"बाई बरोबर हायेत," गुरुजी म्हणाले. "मी चुकलो."

साहेबांनी शेऱ्यात ते लिहिलं. हेडमास्तरांच्या जागी बाहेरचा माणूस नेमला गेला. आठ दिवसांनी माझी शिफारस गेली, गुरुजींच्या सहीनं. मी माफी मागायला गेले, तर ते सायकलीत हवा भरत होते.

"कुठं निघालात, गुरुजी?"

"रिठदले. ज्याइले हे शिकवलं, त्याइले सांगा लागते."

रिठद गावच्या पुंजाजीनं, गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यानं, मला पुढे सांगितलं. तो वखर हाकत होता. गुरुजी बांधावर उभे राहिले नि त्याला सगळा भागाकार समजावला. पुंजाजी हसला, "गुरुजी, मले आता त्या आकड्याचं काय काम?"

"तुले नसन," गुरुजी म्हणाले. "पन तुले सांगतलं तं मीच होतं ना."

असे ते त्या उन्हाळ्यात अकरा गावं फिरले.

गुरुजी, त्या दिवशी राहिलेली माफी आज भरसभेत मागते. संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे उपकार. श्रोतेहो, शुभप्रसंगी नको ते बोलून गेले असेन, तर मला आपली समजून पदरात घ्या.