रजिस्टरच्या चौदाव्या ओळीवरील सहीबाबत

पोलीस ठाणे कळंब, दि. ०९/१२/२०२५, सकाळी ११.४० वा.

नाव: श्रावस्ती राजपाल धावारे, वय २५ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा: दि. २५/११/२०२५ पर्यंत नोकरी ("बेकार" असे लिहू नये असे सांगितल्याने तसे लिहिलेले नाही), रा. मंगरूळ, ता. कळंब, जि. धाराशिव.

गोदाम मालक श्रीनाथ शेळके यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रार अर्जाच्या चौकशीत मला बोलावल्यावरून मी आज स्वतः हजर आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने सांगते की,

मी वरील पत्त्यावर आई मथुराबाई व वडील राजपाल यांच्यासह राहते. वडील आमची अडीच एकर शेती करतात. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे मी परीक्षा दिल्या, त्यात काही झाले नाही. दि. ०१/०७/२०२५ रोजी श्रीनाथ शेळके यांच्या कळंब येथील खासगी धान्य गोदामात मला काम मिळाले. तेथील हमालांचे मुकादम बब्रुवान गोरे हे वडिलांचे शाळेपासूनचे मित्र आहेत. त्यांनीच मालकाकडे शब्द टाकला होता. मी त्यांना काका म्हणते. सध्या म्हणत नाही, पण जबाबात सवयीने तसेच येईल.

माझे काम असे होते की, शेतकऱ्याची ट्रॉली आली की वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ मूठ सोयाबीन काढायचे, यंत्रात घालून ओलावा मोजायचा, शेतकऱ्याच्या नावापुढे रजिस्टरला आकडा लिहायचा आणि सही करायची. बारा टक्क्यांच्या वर असेल तर माल परत. यंत्र येण्याआधी हे काम बब्रुवान काका दाताने करायचे. दाणा दाढेखाली फोडून त्याच्या आवाजावरून ते ओलावा सांगत आणि फार तर एखाद्या टक्क्याने चुकत. मलाही त्यांनी ते शिकवले. दिवाळीपर्यंत मलाही बरेच कळू लागले होते. तरी रजिस्टरला मी यंत्राचाच आकडा लिहीत होते.

दसऱ्यानंतर गर्दी वाढली. ट्रॉल्या रस्त्यापर्यंत उभ्या राहू लागल्या. तेव्हा काका म्हणाले, "सकाळीच पानभर सह्या मारून ठेव माय. मंग नुस्ता आकडा टाकायचा. गर्दीत सही करायला कुठं येळ मिळतोय?" तेव्हापासून मी सकाळी आल्याबरोबर पानाच्या वीसही ओळींवर सह्या करून ठेवत असे. ही माझी चूक आहे. ती मी नाकारत नाही आणि कोणी शहाण्याने सांगितले तरी नाकारणार नाही.

दि. ०३/११/२०२५ रोजी सकाळी माझे वडील स्वतःच्या मालाची ट्रॉली घेऊन आले. कापून रचलेली सोयाबीनची गंज पावसात भिजली होती, हे मला घरीच माहीत होते. यंत्रात सोळा पूर्णांक आठ आले. मी दोनदा मोजले. गावातली सात-आठ माणसे रांगेत होती. मी म्हणाले, "पप्पा, वाळवून आणा." रांगेतून कोणीतरी म्हणाले, "घ्या, पोरीनंच बापाला माघारी लावलं." माणसे हसली. वडीलही हसले आणि ट्रॉली वळवून घेऊन गेले. संध्याकाळी घरी मी विषय काढला, तेव्हा म्हणाले, "तुझं बरूबर हाय. कायदा म्हंजे कायदा." पुढे चार दिवसांनी त्यांनी सांगितले की, माल येरमाळ्याच्या व्यापाऱ्याला घातला. मला वडिलांचा अभिमान वाटला होता. हे वाक्य चौकशीत लागत नसले तरी ठेवावे.

दि. २४/११/२०२५ रोजी गोदामातील पोत्यांची एक थप्पी ओलाव्याने आतून तापल्याचे आढळले. पोती फोडली तर आतला माल काळा पडून वास मारत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.१० वाजता मी एस.टी.मध्ये असताना मला गोदामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढल्याचे दिसले. मला वाटले, चुकून झाले असेल. गोदामाच्या गेटवर वॉचमनने आत सोडले नाही. आत माझ्या कप्प्यात स्टोल आणि पाण्याची बाटली होती, ती त्याने आणून दिली. मी श्रीनाथ शेळके यांना फोन केला. ते म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं तर राखायचं कुणी? ओला माल कुणाचा घेतलास ते तुझं तुला माहीत." मी रजिस्टर दाखवा म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. बब्रुवान काका गेटच्या आत उभे होते. मी हाक मारली तेव्हा त्यांनी, "मी गरीब काय बोलणार माय," एवढेच म्हटले व ते वजनकाट्याकडे निघून गेले. मला नोटीस किंवा काही लेखी दिले नाही. पाच महिन्यांच्या नोकरीला कागद कशाला, असे त्यांना वाटले असावे.

त्यानंतरचे चौदा दिवस मी काय केले असे विचारल्यावरून सांगते की, पहिले तीन दिवस मी घरातील सगळे डबे रिकामे करून घासले. नळावर जायचे बंद केले, कारण तेथे बायका सुट्टी आहे का असे विचारत. रात्रीचे जेवण जात नव्हते. मी माझ्या मनात रोज सगळ्या ट्रॉल्या आठवून बघितल्या. एकही ओली आठवली नाही. मग मला वाटू लागले की, माझेच मोजायचे चुकले असेल. पुढे धाराशिवला बियाण्याच्या एका प्रयोगशाळेत मला मुलाखतीला बोलावले. तेथील साहेबांनी माझ्यासमोर कळंबला गोदामात फोन लावला, ऐकले आणि माझी फाइल मला परत दिली. म्हणजे नोकरी गेली ती एकच नाही. माझ्या सहीवर आता कोणी भरवसा ठेवणार नाही, आणि माझ्या कामात सहीशिवाय दुसरे काही नसते.

या चौदा दिवसांत वडील माझ्याशी फार चांगले वागले. रोज माझ्या शेजारी बसून जेवले. आलेल्या-गेलेल्यांना सांगितले, "चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं माझ्या लेकीचं." मी गोदामात जाऊन रजिस्टर बघतेच म्हणाले, तेव्हा मात्र त्यांनी, "कशाला त्या दारात जाती? दुसरी बघू," म्हणून दोन वेळा अडवले. मला ती माया वाटली.

आज महिला पोलीस अंमलदार निकिता मॅडम यांनी मला जप्त रजिस्टरचे दि. ०६/११/२०२५ चे, म्हणजे तापलेल्या थप्पीतील माल आला त्या दिवसाचे, पान दाखवले. त्यातील चौदावी ओळ मी वाचली. नाव राजपाल धावारे, मंगरूळ. ओलावा अकरा पूर्णांक चार. नाव आणि आकडा बब्रुवान गोरे यांच्या अक्षरात आहे. ते पेन दाबून लिहितात, मागच्या पानावर उमटते. पुढची सही माझी आहे. ती मी त्या दिवशी सकाळी साडेनऊला केली होती. त्या दिवशी दुपारी वडिलांचा मला फोन आला होता, "जेवायला बसलीस का?" म्हणून. ते कधी असे विचारत नाहीत. मी आईला कौतुकाने सांगितलेही होते. मी मागच्या खोलीत जेवत असताना ट्रॉली आत आली आणि खाली झाली.

मी मॅडमना पाणी पिऊन येते असे सांगून बाहेर गेले. वडील माझ्यासोबत आले होते व ओट्यावरील बाकावर बसले होते. आमचे बोलणे झाले ते असे.

मी म्हणाले, "पप्पा, माल येरमाळ्याला घातला होता ना?"

ते म्हणाले, "माणसं हसली, श्रावस्ती. आपली पोरगी तिथं बसलेली आन आपलाच माल माघारी. बब्रू म्हणला, घरचंच हाय, मी बघतो."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर घेतला असतास व्हय?"

"न्हाय."

"मंग."

"आन मला काढलं तवा?"

"तवा लई उशीर झाल्ता. मला वाटलं, मिटंल." मग ते म्हणाले, "माझं काय लिवायचं ते लिव. पर बब्रूचं नाव नको घेऊ. त्यानं माझ्यासाठी केलं. त्याचं पोट हाय तिथं."

मी म्हणाले, "माझं बी होतं."

मी पाणी न पिता आत आले.

मला विचारण्यात आले की, माझी आत्ताची मनःस्थिती पाहता मी जबाब उद्या देणार का. मी नाही म्हणाले. उद्या घरी आई रडेल, बब्रुवान काका येऊन पाया पडतील आणि माझ्याच्याने बोलवणार नाही. दि. ०६/११/२०२५ रोजीचा चौदाव्या ओळीतील माल माझे वडील राजपाल धावारे यांचा आहे. तो ओला आहे हे त्यांना व बब्रुवान गोरे यांना माहीत होते. आकडा बब्रुवान गोरे यांनी लिहिला. मला माहीत नव्हते. दोन्ही नावे घालावीत.

माझी कोणावर गुन्हा दाखल करण्याची मागणी नाही. मला ती नोकरीही परत नको. तो आकडा श्रावस्ती धावारे हिने लिहिलेला नाही, एवढे श्रीनाथ शेळके यांनी कागदावर लिहून द्यावे आणि धाराशिवच्या साहेबांना फोन करून तेच सांगावे. मला राग मालकाचा कमी आहे. त्याला मी परकीच होते. वडिलांनी मला फसवले याचे मला फार वाईट वाटते, आणि ते माझ्या बाजूने भांडत होते याचे त्याहून जास्त.

जबाब लिहून झाल्यावर निकिता मॅडम यांनी वाचून दाखवण्यापूर्वी विचारले की, वडील बाहेर बाकावर आहेत, त्यांना ऐकू जाईल, दार लावून घेऊ का. मी दार उघडे ठेवायला सांगितले. त्याप्रमाणे पहिल्या ओळीपासून जबाब मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्यात आणि लिहिण्यात फरक नाही. चौदाव्या ओळीतील नाव आले तेव्हा त्या वाचता वाचता थांबल्या व दाराकडे बघू लागल्या. मी पुढे वाचा म्हणाले.

जबाब देणार,
श्रावस्ती राजपाल धावारे